टिटवीची पिल्लं

आज पाटाचं पाणी रानात शिरलं, तापलेल्या ढेकळांचा वास सुटला आणि सदतीस सालचं निरवांगीचं आमचं घर आठवलं.

घरासमोरच्या मोकळ्या तुकड्यात टिटवीनं अंडी घातली होती. तापानं झिजलेली माझी थोरली बहीण गंगू दारातल्या बाजेवरून दिवसभर तिकडंच बघायची. "आबा, पिल्लं निघंपर्यंत तितं पाणी सोडू नका," ती म्हणाली. वडिलांनी तुकडा कोरडा ठेवला.

पिल्लं निघायच्या आधीच गंगू गेली. आई म्हणाली, "आता कुणासाठी थांबायचं? सोडा पाणी."

"न्हाय. तिला व्हय म्हनलोय मी."

एका सकाळी पिल्लं टिटवीमागं तुरुतुरु पळाली. आबा दाराकडं वळले. "गंगे, निघाली बघ."

दारात मी होते. आबा नाव चुकले असं वाटून मी नुसतं "व्हय" म्हणाले. ते चुकले नव्हते, हे मला माझी लेक गेल्यावर कळलं.