चौदाचा थांबा

ऑफिसातल्या बैठकीत कुणी 'कलम चौदा' म्हटलं, की मला पाणी दिसतं. साहेब बोलत असतात, पुढ्यात फाइल उघडी असते, आणि मी मात्र लाखांदूरहून साकोलीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बसलेली असते. डाव्या अंगाला, मागच्या चाकावरच्या बाकावर, जिथे पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं. मुंबईत येऊन मला तीन वर्षं झाली. एका सरकारी उपक्रमाच्या कायदा विभागात मी काम करते आणि कलमं तोंडपाठ असणारी बाई म्हणून माझा इथे थोडाफार दबदबा आहे. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की ही कलमं माझ्या डोक्यात नाहीतच. ती भंडारा जिल्ह्यातल्या एका रस्त्यावर थांब्याथांब्याला उभी आहेत, आणि कुणी विचारलं की मला मनातल्या मनात तिथवर जाऊन यावं लागतं. जाऊन येते, उत्तर देते, आणि मग उरलेला दिवस माझा जीव कशात लागत नाही.

माझं पाठांतर पहिल्यापासून दिव्य. वकिलीची पदवी मिळाली ती परीक्षकांच्या दयेने, असं माझे वडील चारचौघांत सांगत. त्यानंतर ज्या परीक्षेची तयारी धरली तिची सगळी भिस्त दोन विषयांवर होती, राज्यघटना आणि कंपनी कायदा. घरी बसलं की पाहुणे, म्हणून मी रोज साकोलीच्या अभ्यासिकेत जायचे. तिथे दिवसभर वाचलेलं परतेपर्यंत कापरासारखं उडून जाई. एके दिवशी लक्षात आलं, की बाकी सगळं उडालं, पण गाडी स्टँडवर उभी असताना वाचलेलं बारावं कलम तेवढं जागच्या जागी आहे. मग मी ठरवूनच टाकलं. एक थांबा, एक कलम.

बारावं लाखांदूरच्या स्टँडवर राहिलं. 'राज्य' म्हणजे कोण, हे त्यात सांगितलंय, आणि सकाळी सात वाजता त्या स्टँडवर एसटी सोडून दुसरं राज्य नसतंच. तेरावं चिंचेच्या फाट्यावर. त्यात रूढीचा उल्लेख आहे, आणि चिंचेखाली बसणारे म्हातारे गावाच्या रूढी एकहाती सांभाळत. पंधरावं राईस मिलपाशी, कारण मिलसमोर नेहमी पाच ट्रॅक्टर उभे असत; धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, असे मी ते ओळीने मोजायचे. राहिलं मधलं चौदावं. तिसऱ्या थांब्यावर झाड नव्हतं, शेड नव्हती, पाटीसुद्धा नव्हती. दोन्ही बाजूंना नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तिथे कलम ठेवायचं तरी कशावर? तेव्हा नुकता रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, झाला होता. बांधीत पाणी भरलेलं होतं आणि ते सगळ्या रोपांच्या पायाशी सारखं उभं होतं. हे रोप घरचं, ते बाहेरचं, असं पाणी काही बघत नाही. मी म्हटलं, बस, हेच चौदा. 'कोणत्याही व्यक्तीस' कायद्यापुढे समानता. नागरिकच पाहिजे असं नाही, कुणीही चालेल.

सोळाच्या थांब्यावर ताई चढायची.

ताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. माहेर एकोडीचं, सासर या थांब्यापासून थोडं आत, घरी धानाची शेती. तिनेही लग्नानंतर वकिली पूर्ण केलेली. त्याच परीक्षेची तयारी तीही करत होती, आणि वयाची अट तिच्यासाठी त्या वर्षी संपत होती. म्हणजे माझा हा पहिला प्रयत्न आणि तिचा शेवटचा. हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि मग माझी पद्धत ऐकून घेतली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "बरोबर हाय तुह्यं. पुस्तकातलं माह्या डोक्यात उभंच राहात नाही. थांब्यावर कसं, उभं राह्यते."

सोळाव्यापासून पुढचा रस्ता मग आमचा दोघींचा झाला. सोळा म्हणजे सरकारी नोकरीत समान संधी, ते तिच्या थांब्याला आपोआपच आलं. पुढच्या थांब्याला मी अस्पृश्यता बंदीचं सतरावं ठेवायला निघाले तर तिने मला थांबवलं. "सतराले थांबा कायले पायजे वो? माह्या आज्यानं छप्पनमध्ये दीक्षा घेतली तवापासून ते आमच्या घरातच हाय." तरी मोजणी चुकू नये म्हणून त्या थांब्यावर ते ठेवलंच. एकोणिसावं कलम बोडीपाशी. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. तिच्या पाळीवर चार बाया कपडे धूत आणि त्यांचं भाषणस्वातंत्र्य गाडीत ऐकू येई. साकोलीला उतरताना बत्तिसावं, म्हणजे दाद मागायचा हक्क. जाताना घटना आणि येताना कंपनी, असा नेम होता. परतीच्या पहिल्या थांब्यावर कंपनीची स्थापना व्हायची, पुलापाशी ती कृत्रिम व्यक्ती व्हायची, नागरिक मात्र नाही, आणि ताईचा थांबा येईपर्यंत तिची सभासद मंडळी, संचालक, सभा सगळं आटपायचं. खासगी कंपनीच्या सभेला दोन सभासद हजर असले की गणपूर्ती होते, हे वाचल्यापासून ताई सकाळी गाडीत चढली की माझ्याकडे बघून म्हणायची, "झाली गणपूर्ती. करा सुरू."

कंडक्टर रोजचेच होते. पहिले काही दिवस त्यांना वाटलं आम्ही जप करतो. मग त्यांनाही चटक लागली. दोरी ओढून ते ओरडायचे, "चला, एकवीसवाले उतरा!" आणि कोणी म्हातारा आपलं तिकीट उलटसुलट करून बघत बसायचा.

त्या सहा महिन्यांइतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही, हे मला आता मुंबईत बसून कळतंय. तेव्हा वाटायचं, हे दिवस कधी एकदाचे संपतात.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. ताई माझ्यापेक्षा हुशार होती. अभ्यासिकेतल्या सराव परीक्षेत ती दर वेळी माझ्या पुढे असायची, तेही घरचं सगळं आटोपून, रोवण्यात पंधरा दिवस बुडवून. मी तोंडावर वा वा करायचे आणि मनात जळायचे. एक दिवस ती म्हणाली, "पोरी, तुह्यावाले चार थांबे मले लिहून दे ना. बारा ते पंधरा. ते माह्ये हवेतच हाय." लाखांदूरकडचा रस्ता तिचा नव्हता, तिचा बाजार, दवाखाना, सगळं साकोलीला. मी म्हटलं, देते. दुसऱ्या दिवशी वही विसरले. नंतर पेन नव्हतं. मग तिनेच तोड काढली, "एक दिवस मीच उलटी लाखांदूरले येतो, अन् तिथून तुह्यासोबत बसतो." (आमच्याकडे बायासुद्धा 'येतो-जातो' म्हणतात. मुंबईत मी एकदा 'मी जातो' म्हणाले तर अख्खं ऑफिस हसलं. त्या दिवशी मला ताईची फार आठवण आली.) पण त्यासाठी तिला पहाटेची गाडी धरावी लागली असती आणि घरातून ते जमेना. मीही आग्रह केला नाही. पुस्तकात तर सगळं आहेच, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच, की चार कलमं तरी माझी एकटीची असावीत असं मला वाटत होतं. हातचं राखून ठेवलं मी.

परीक्षा नागपूरला झाली, जानेवारीत. दोघी बरोबर गेलो, बरोबर परतलो, आणि परतताना उत्तरं जुळवत बसलो. एक प्रश्न असा होता, की कलम चौदाचं संरक्षण कंपनीला मागता येतं का. ताईने 'नाही' लिहिलं होतं.

"कंपनी कुठं नागरिक असते?" ती म्हणाली. "हे तं आपण पुलापाशी पक्कं केलं होतं."

"नागरिक नसते ताई, पण व्यक्ती असते. आणि चौदात नागरिक नाहीच. 'कोणत्याही व्यक्तीस' आहे."

ती बाहेर बघत म्हणाली, "अच्छा. व्यक्ती हाय का तिथं." आणि पुढचा प्रश्न काढला.

मार्चमध्ये यादी लागली. माझं नाव शेपटाला होतं. ताई एका मार्काने यादीबाहेर राहिली. तिचाच फोन आला, अभिनंदनाचा, आणि ती इतकं मनापासून बोलली की मला धड रडताही आलं नाही. मी शेवटची त्या गाडीने निघाले तेव्हा ती थांब्यावर उभी होती. हातात पिशवी, पिशवीत घरचे पोहे. गाडीत चढली, माझ्या शेजारी बसली. "सतरापर्यंत येतो," म्हणाली. सतराला उतरली आणि उन्हातून पायी परत गेली.

खाई त्याला खवखवे म्हणतात. पहिल्या वर्षी तिचे फोन यायचे, मी घाईत असल्यासारखं बोलायचे. मग तेही थांबले. गावी मी वर्षातून दोनदा जाते, पण नागपूरहून पवनीमार्गे; त्या रस्त्यात तिचा थांबा लागत नाही. आणि मुंबईत मात्र कुठलंही कलम काढलं की रस्ता तिच्याच दारावरून जातो. बाराला स्टँड, तेराला चिंच, चौदाला पाणी, पंधराला मिल, आणि सोळाला ती चढते, रोज. मला ती हवी होती. शेजारी बसून 'करा सुरू' म्हणायला हवी होती. इतकं साधं मागणं, आणि ते मागायला तोंड नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर मंडईसाठी घरी गेले. गावोगावची मंडई म्हणजे आमच्याकडचा दुसरा सण, घरात पाहुण्यांचा बाजार भरलेला. मी सकाळी उठले, कुणाला न सांगता स्टँडवर गेले आणि सातच्या गाडीत चाकावरच्या बाकावर जाऊन बसले. साकोलीला माझं काही काम नव्हतं. कंडक्टर तेच होते, फक्त चष्मा लागला होता.

"म्याडम, लय दिवसांनी," तिकीट देता देता ते म्हणाले. "तुमची जोडीदारीण येत होती मधात."

"कुठे? साकोलीला?"

"नाही हो. इकडं. यादी लागली त्याच्यानंतरची गोष्ट हाय, उन्हाळ्यातली. पहाटच्या गाडीनं उलट्या लाखांदूरले याच्या आणि सातच्या गाडीत बसून परत आपल्या गावाले. चार-पाच दिवस आल्या. म्या म्हनलं, बाई, इथं काम काय तुमचं? तं म्हने, काही नाही, माह्ये चार थांबे रायले होते."

मी विचारलं, "बसायच्या कुठे?"

"ह्याच बाकावर."

गाडी सुटली. चिंच आली, म्हातारे अजून तिथेच होते. तिसऱ्या थांब्यावर कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. दोन्हीकडे धान पिवळं होऊन कापणीला आलेलं. मिल आली. वयाची अट संपल्यावर, परीक्षा कायमची हातची गेल्यावर, ही बाई चार कलमं पुरी करायला पहाटे उठून आली होती. आणि मी तिला अर्धं पान लिहून दिलं नव्हतं. सोळाला मी उठून उभी राहिले. कंडक्टरांनी काही न विचारता दोरी ओढली.

ताई अंगणात धान वाळत घालत होती. मला बघून तिने हात झटकले, आत जाऊन पाणी आणलं, घरच्यांची विचारपूस केली. तीन वर्षं कुठे होतीस, हे विचारलं नाही. मीच म्हटलं, "ताई, कंडक्टरांनी सांगितलं मला."

"काय सांगितलं?" ती हसली. "हाव, गेलतो. मनाले रुखरुख लागून होती, अर्ध्यातून काहून सोडाव म्हणून. बारा तं स्टँडच असन, समजलं. तेरा चिंचेपाशी ठेवलं असशीन. पंधरा मिलपाशी. बरोबर?"

"बरोबर."

"चवदा काही समजलं नाही मले. चार दिवस पाह्यलं. तिसऱ्या थांब्यावर तं काहीच नाही वो. काय ठेवलं होतं तुनं तिथं?"

"पाणी," मी म्हटलं. "बांधीतलं. सगळ्या रोपांना सारखं लागतं ते."

पसरलेल्या धानावरून पायाने रेघ ओढत ती म्हणाली, "मी उन्हाळ्यात गेलतो ना. तवा पाणी नव्हतं."