उलथन्याचे चार

इंदुमती गेल्याचं उगारे सरांना मैदानावर कळलं.

षटकातले तीन चेंडू टाकून झाले होते. सर पांढरा कोट घालून अंपायर म्हणून उभे होते. चेंडू मोजायला चिंचोके वापरायची त्यांची जुनी सवय. तीन डाव्या खिशात गेले होते, तीन उजव्यात होते. हद्दीजवळच्या टेबलावर स्कोअर लिहीत बसलेला दादासो मगदूम फोन कानाला लावून उठला आणि तसाच उभा राहिला. त्यानं हाक मारली नाही, षटक संपू दिलं. मग पाण्याची बाटली घेऊन स्वतः खेळपट्टीपर्यंत चालत आला.

"सर, दवाखान्यातनं त्रिशलाचा फोन होता. वहिनी गेल्या."

सरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "आई आज बरी आहे, बाबा, तुम्ही जाऊन या," असं सकाळी लेकीनंच सांगितलं होतं, म्हणून ते आले होते. त्या उरलेल्या तीन चेंडूंतल्या एकावर त्यांनी पायचीतचं अपील फेटाळलं होतं. तेवढे तीन चेंडू इंदुमती त्यांच्यापुरती जिवंत होती.

याला पाच महिने झाले. आज रविवार. सकाळी दादासोचा फोन आला. तालुक्याच्या महिला स्पर्धेचा करंडक यंदापासून इंदुमतीच्या नावानं द्यायचं ठरलंय, त्यावर तिच्या सर्वाधिक धावा कोरायच्यात. "नाबाद शेहेचाळीसच ना, सर? पाच वाजता कोरणाऱ्याकडे देतो."

"हो," सर म्हणाले. "शेहेचाळीस."

मग त्यांना जेवण गेलं नाही. ताट झाकून ते कॉटवर आडवे झाले. टीव्हीवर मुलींचा सामना चालू होता, आवाज बारीक केलेला. एक पोरगी गुडघ्यावर बसली, मनगट फिरवलं आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मागं उडवला. समालोचक खूश होऊन काहीतरी बोलत होता. सरांचे डोळे मिटत आले. टीव्हीतल्या टाळ्या लांब लांब जायला लागल्या.

"बघा," शेजारून आवाज येतो. "हिनं मारला की कौतुक. मी मारला तेव्हा तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं होतं."

इंदुमती कॉटच्या कडेला बसलीय. नर्सचा पांढरा गणवेश, खिशाला अडकवलेलं घड्याळ, हाताला भाकरीचं पीठ. ती गेलीय हे सरांना माहीत आहे. पण ते बोललं तर ती उठून जाईल, असंही त्यांना वाटतंय.

"जेवला नाहीत," ती म्हणते.

"भूक नव्हती."

"आमटीत मीठ नसेल. त्रिशला विसरते."

सर उठून बसतात तर कॉट नाही. ते दवाखान्याच्या क्वार्टर्समागच्या अंगणात उभे आहेत. समोर मेट्रनबाईंची खिडकी, एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या चादरी. इथंच संध्याकाळची ड्यूटी सुटली की नर्सेस खेळायच्या. पुढं मारला की मेट्रनबाईंची काच फुटणार, बाजूला मारला की चेंडू हौदात. म्हणून इंदुमती मागंच मारायला शिकली. भाकरी उलटायची तसं मनगट फिरवायची, बॅट पालथी व्हायची आणि चेंडू बॅटच्या पाठीवरून मागं जायचा. बाकीच्या नर्सेस त्याला उलथनं म्हणायच्या.

सर शाळेत पीटी शिकवायचे. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना एकच सांगितलं. बॅट सरळ, कोपर वर, चेंडू पायाशी येऊ द्या.

"सरळ खेळ," ते आत्ताही म्हणतात.

"कुठं सरळ? समोर मेट्रनबाई झोपल्यात." ती हसते. तिच्या हातात बॅट नाही, खरोखरच उलथनं आहे. "तुम्हाला मोकळं मैदान मिळालं, म्हणून तुमचं सगळं सरळ."

"इंदू, मला एक सांगायचंय."

"सांगा की. चेंडू येतोय तोवर सांगा."

त्यांच्या तोंडात शब्द आलेला असतो, पण वाळत घातलेल्या चादरी आता अंथरलेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना खाटा आहेत. हा शेवटचा वॉर्ड. खाटांच्या मधोमध खेळपट्टी आखलीय. सलाइनचे तीन स्टँड रोवून यष्ट्या केल्यात. सरांच्या अंगावर अंपायरचा कोट आहे. ते खिशात हात घालतात. चिंचोके सगळे डाव्या खिशात आहेत, उजव्यात एकही नाही.

"शेवटचा झाला का?" ती विचारते.

"माहीत नाही. मोजायला चुकलो."

"तुम्ही आणि चुकला? लिहून ठेवू द्या दादासोंना."

ती फलंदाजीला उभी राहते, तशीच तिरपी, एक खांदा पडलेला. सरांना ती दुपार दिसते. एकतीस वर्षांपूर्वीची. सरकारी कर्मचारी महिलांची अंतिम लढत, नर्सेस विरुद्ध शिक्षिका, अंपायर तिचा नवरा आणि स्कोअर लिहायला तेव्हाही दादासोच. ती शेहेचाळीसवर होती. चेंडू हळू आला. तिनं मनगट फिरवलं, बॅट पालथी झाली आणि चेंडू सीमेपार गेला. सरांनी चौकार दिला, पण तिला नाही. एक पाय उचलून गुडघ्यावर हात मारला. लेग बाय. म्हणजे चेंडू अंगाला लागला, धावा संघाच्या, फलंदाजाच्या नाहीत. त्याच चौकारावर सामना संपला.

"अहो, बॅटला लागलाय!" ती ओरडली होती.

"अंपायरशी वाद घालायचा नाही," सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. मांडवात हेडमास्तर बसले होते.

"बरं, साहेब," ती म्हणाली होती.

त्यानंतर घरात तो एक खेळच झाला. सर कशावर हटून बसले की इंदुमती बोलायची नाही. एक पाय उचलायची आणि गुडघ्यावर हात मारायची. आमटीवरून, त्रिशलाच्या कॉलेजवरून, रंगाऱ्याला कुठला रंग सांगायचा त्यावरून. पाहुण्यांना वाटायचं, बाईंना संधिवात आहे.

"एक विचारू?" ती यष्ट्यांपाशी उभी राहूनच म्हणते. तिच्या तोंडावर आता ऑक्सिजनचा मास्क आहे, तरी शब्द स्वच्छ ऐकू येतात. "शेवटच्या आठवड्यात मी पांघरुणावरून गुडघ्यावर हात मारत होते. तुम्ही काय केलंत?"

सर खिशातले चिंचोके चाचपतात.

"बाम चोळलात," ती म्हणते. "रोज. दोन्ही गुडघ्यांना. नर्सला विचारून गरम पाण्याची पिशवीसुद्धा आणलीत."

"मला वाटलं, दुखतंय."

"गुडघा दुखत नव्हता हो माझा."

"कळलं. नंतर कळलं."

"मी चेष्टा करत होते. बोलता येत नव्हतं, म्हटलं तेवढी तरी करावी. तुम्ही इतक्या मनापासून चोळत होता की मग म्हटलं, असू दे." ती मास्क कपाळावर सरकवते, स्वयंपाक करताना चष्मा सरकवायची तसा. "हात छान गरम होते तुमचे."

सर तिच्याकडे चालायला लागतात. बावीस यार्डांचं अंतर त्यांनी हजार वेळा मोजलंय, पण हे संपत नाही. दोन्ही बाजूंच्या खाटांवर कुणी नाही.

"इंदू, त्या दिवशी मी आवाज…"

"आधी पट्टी काढा," ती म्हणते. आता ती स्वयंपाकघराच्या दारात आहे, पाठमोरी, आणि तव्यावर भाकरी फुगलीय. "एकतीस वर्षं नुसती वरून बघताय. जखम बघायची तर पट्टी काढावी लागते, एवढंसुद्धा कळत नाही होय?"

"कुठली पट्टी?"

"करपेल हं," ती म्हणते, आणि मनगट फिरवते.

सर डोळे उघडतात. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू आहे. घड्याळात पावणेपाच. ताट झाकलेलं तसंच आहे. अंगठ्याला काहीतरी चिकटलंय. ते हात डोळ्यांजवळ आणतात. दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा, जुना, पिवळा पडलेला, कडांना धूळ बसलेली.

इंदुमतीची बॅट दाराआड असते, तिथंच आहे. बॅटच्या पाठीवर वर्षानुवर्षं चिकटपट्टी होती. बॅट चिरली असेल म्हणून लावली असेल, असं सर समजत आले होते. ते बॅट उजेडात नेतात. पट्टी निघालीय. आपण कधी उठलो, कधी काढली, त्यांना आठवत नाही. खाली लाकूड कोरं पांढरं आहे. चिरबीर काही नाही. बरोबर मधे रुपयाएवढा लाल डाग आहे आणि त्यात शिवणीचे चार टाके उमटलेले दिसतात.

त्या चौकाराचा डाग पुसला जाऊ नये म्हणून तिनं तो झाकून ठेवला होता. कधी दाखवला नाही. कुणीतरी विचारायची वाट बघत असेल.

सर दादासोला फोन लावतात.

"कोरायला दिलंस का?"

"दारातच आहे दुकानाच्या. का?"

"पन्नास कोर."

"सर, बुकात शेहेचाळीस आहेत."

"बुकात माझी चूक आहे. बॅटला लागला होता. मी आवाज ऐकला होता, दादासो. हात गुडघ्यावर गेला होता, मग मागं घेतला नाही."

तिकडे रहदारीचा आवाज मागं पडतो.

"आवाज तर मला टेबलावर आला होता," दादासो म्हणतो. "एकतीस वर्षं लागली होय थर्ड अंपायरला?" तो हसायला जातो, पण त्याला हसता येत नाही. "नाबाद पन्नास. लिहितो."

सर फोन ठेवतात. बॅट मांडीवर घेऊन कॉटवर बसतात. संध्याकाळी त्रिशला येईल, तिला सांगतील. हेडमास्तर राहिले नाहीत, त्या शिक्षिका कुठं कुठं गेल्या.

इंदुमतीला सांगायचं राहिलं.