मखरातल्या झिरमिळीवर आलेली तांबोशी

काल भर दुपारी भाट्याच्या खाडीत कंबरभर पाण्यात उभा राहून मी एकटाच ओरडलो. काठावरच्या म्हशींनी तेवढ्या माना वळवल्या... पण झालंच होतं तसं.

काल गौरीजेवण. आमच्याकडे गौरीला तिखटाचं जेवण असतं, म्हणजे वडे-सागोती आणि सोबत ताजा मासा. यंदा दर्याचं काय बिनसलंय कळत नाही... नारळीपौर्णिमा होऊन गेली, पाऊस गायब, नदीचं पाणी निवळलंय, तरी खाडीच्या तोंडाशी लाटा अशा फुटतायत की होड्या बाहेर पडेनात. बाजारात ताज्या मासळीचं नाव नाही.

आईचा जीव टांगणीला. ती या घरात आल्यापासून गौरीचं ताट माशाविना गेलेलं नाही. शेजारच्या काकूंनी सुकी सुरमई देऊ केली, तर म्हणाली, "माहेरवाशीण वर्षातून एकदा येते, तिला सुकं वाढू?" आणि तशीच वाटणाला बसली. डोळे कांद्याने भरले नव्हते, एवढं मला कळतं.

माझा मामेभाऊ बोटीवर नोकरीला. त्याने मागे मला फ्लाय फिशिंगचा रॉड आणून दिला होता. आमिष लावायचं नाही, गळाला पिसं बांधून खोटी माशी करायची आणि दोरी हवेत फिरवून लांब टाकायची... आजवर मला फक्त शेवाळ मिळालं. आई त्याला 'बाबूचा चाबूक' म्हणते आणि अख्खी वाडी हसते.

भावाने दिलेल्या माश्या केव्हाच खडकांत अडकून संपल्या होत्या. पण सकाळी सागोतीचा कोंबडा कापला होता. त्याची शेपटीची पिसं घेतली, मखराची एक सोनेरी झिरमिळी हळूच ओढली, गौरीला म्हटलं, "बाये, उसनी घेतो हां," आणि निघालो.

भरती लागली होती. एरवी बाहेर राहणारा मासा लहान मासळीमागे पार काठच्या खडकांपर्यंत आला होता, नितळ पाण्यात सावल्या दिसत होत्या. माशी खडकाच्या कडेला पडली, मी दोरी जराशी ओढली... आणि रॉड वाकला तो वाकलाच. हात भरून आले, पाय घसरला, पण सोडली नाही. चांगली हातभर तांबोशी, लालबुंद.

आईने लगेच विळी घेतलीन. मासा साफ केलान, तळलान, आणि ताट ठेवताना गौरीला म्हणाली, "बाये, बाबूने आणलान हो तुझ्यासाठी. पोटभर जेव." संध्याकाळी हसणारे सगळे चाबूक हातात धरून बघायला आले... मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू.

आज विसर्जनाहून आलो तर रॉडला एक कागदाची पुडी बांधलेली. आत कोंबड्याची उरलेली पिसं, धुऊन वाळवलेली, आणि मखराच्या सगळ्या सोनेरी झिरमिळ्या.

तांबोशीचा मोबाईलवरचा फोटो धूसर आलाय, त्याबद्दल माफी. काढताना हात ओलेच होते... गौराबाय, सुखाने जा गं, मी एकच उसनी घेतलेली, आईने तुझ्या सगळ्याच मला दिल्यान, आता पुढल्या वर्षी ताज्या माशाने फेडतो.