खर्जरावांचं व्हायोलिन

खर्जरावांना रक्तदाब नव्हता, साखर नव्हती. एक साडू होते. बास गिटार वाजवतात म्हणून त्यांना खर्जराव म्हणत. साडू कीबोर्ड वाजवत आणि दोघेही एकाच हॉटेलच्या भोजनगृहात दुपारी बारा ते तीन वाजवायला बसत. सोबत एक गाणाऱ्या बाई आणि एक ड्रमवाला.

बावीस वर्षांत खर्जरावांचा ठोका चुकलेला कुणी ऐकला नव्हता. अडचण एवढीच, की ते वाजवतात हेही फारसं कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकं जाताना साडूंचा हात हातात घेऊन म्हणत, व्हायोलिन काय सुरेख वाजवलंत. वास्तविक तिथे व्हायोलिन नव्हतंच. साडू एक बटण दाबत. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, भाऊजींची बोटं पाहिलीत का, कशी पळतात. खर्जराव आपल्या बोटांकडे बघत. ती एका जागी ठाम उभी असत.

अशात मॅनेजरने सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून तिघंच हवेत. बाई आणि ड्रमवाला राहणार हे नक्की. साडू की खर्जराव, ते सोमवारी ऐकून ठरणार. साडू हे ऐकून नुसते हसले. त्या हसण्याने खर्जरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी बासला मिडीची पेटी बसवली. तारांखाली एक पट्टी, पट्टीची वायर पेटीत आणि पेटीची लॅपटॉपमध्ये. तार छेडली की पेटी स्वर ओळखायची आणि लॅपटॉप सांगाल ते वाद्य वाजवायचा. पहिल्या दिवशी बासमधून व्हायोलिन निघालं, तेव्हा बायको हात पुसत बाहेर आली आणि तिने विचारलं, "भाऊजी कधी आले?"



पेटीची एक खोड होती. जाड तार सावकाश हलते, आणि पुरेशी हलल्याशिवाय स्वर कोणता ते पेटीला उमगत नसे. म्हणजे खर्जराव ठोक्यावर आणि व्हायोलिन ठोक्यामागून. बावीस वर्षांची अब्रू जायची वेळ आली. शेवटी त्यांनी जाड तारांना हात लावणंच सोडलं. बारीक तारांवर वरचे स्वर घेतले, की पेटी चटकन ओळखायची.

सोमवारी त्यांनी असं काही व्हायोलिन वाजवलं, की मॅनेजरने मोबाइल खाली ठेवला. खर्जरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून साडूंकडे पाहिलं. साडूंचा चेहरा पडला नव्हता. खाली बास नाही हे पाहून त्यांनी निमूटपणे डाव्या हाताने कीबोर्डवर बास धरला होता. खर्जरावांच्या काळजात कळ उठली. व्हायोलिन याचंच होतं, आता बासही गेला.

ते हातातलं वाजवत साडूंच्या डाव्या हातातलं ऐकू लागले. जीव तोडून चूक शोधली. सापडेना, स्वर बरोबर, ठोका बरोबर.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बाई अडखळल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळल्या.

"मी शिरू कुठून?" त्या साडूंवर वैतागल्या. "तिथे बास थांबतो. तो थांबला की मला कळतं, आता आपण. तुमचा हात थांबतच नाही."

मॅनेजरने पेटी बंद करायला सांगितली. खर्जरावांनी वायर उपसून जुनी लावली. जाड तार वाजली, कडव्याच्या तोंडाशी अर्धा ठोका गप्प झाली, आणि बाई त्या फटीतून अलगद आत शिरल्या. गिऱ्हाइकांना व्हायोलिन हवं आणि बाईंना बास, म्हणून मॅनेजरने पुष्कळ घासाघीस केली आणि चौघांनाही ठेवलं. वेळ तेवढा अर्ध्या तासाने कमी केला.

वायरी गुंडाळताना साडू जवळ येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "साडूभाऊ, ते थांबण्याचं मला शिकवाल का? इतकी वर्षं शेजारी बसतो, पण मला ते कधी दिसलंच नाही. खरं सांगू, आज तुमचा हेवा वाटला."

खर्जरावांना वाटलं होतं, हे ऐकलं की गार वाटेल. वाटलंही, घटकाभर. मग त्यांना साडूंचा तो डावा हात आठवला. एका दिवसात त्याने सगळं उचललं होतं, एवढं एक सोडून.

"दाखवीन की," ते म्हणाले. "सवडीने."

आणि जन्मात सवड काढायची नाही, असं ठरवून त्यांनी बासच्या पिशवीची चेन ओढली.