सोलल्याशिवाय कसं सांगू

संत्र्याच्या सालीचा वास आला की अचलपूरजवळच्या शाळेतला आमचा दुसरीचा वर्ग आठवतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी बाईंच्या टेबलावरचं संत्रं उचलून मला विचारलं, "यात फोडी किती?" मागून पोरं "दहा, दहा" कुजबुजत होती. "सोलल्याशिवाय कसं सांगू जी?" मी म्हटलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मीच सांगतलं तिले, पाह्यल्याबिगर बोलू नको. सोलून पाहा ना साहेब." साहेब संत्रं सोलू लागले आणि सगळा वर्ग त्यांच्या खुर्चीभोवती गोळा झाला. आता मी अकोल्यात शिकवते. पटकन हात वर करणाऱ्यांना शाबासकी देतेच, पण वाट पाहते ती "थांबा मॅडम, पाहून सांगतो" म्हणणाऱ्या पोराची.