कारण लिहायचं राहिलेली ओळ

मंडळी, आज सकाळी बाबांना घेऊन भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या बॅडमिंटन हॉलवर गेलो होतो. आता तिथे कबुतरंच राहतात.

बाबा कारखान्यात फिटर होते. दरवर्षी ऑल इंग्लंड स्पर्धा संपली की विजेत्याचं नाव ते हॉलच्या भिंतीवर रंगवायचे. शेजारी टाउनशिपच्या चॅम्पियनचं. ऑल इंग्लंडची तर त्यांनी शोधून शोधून अगदी पहिल्या वर्षापासूनची नावं लिहिली आहेत. दोन्ही महायुद्धांच्या वर्षांपुढे लिहिलंय, ‘युद्धामुळे स्पर्धा नाही’.

आता त्यांना ब्रश धरवत नाही, म्हणून यंदाचं नाव मी लिहिलं. शेजारची ओळ रिकामीच. टाउनशिपच्या रांगेत शेवटचं नाव माझं आहे, त्यालाही कितीतरी वर्षं झाली; त्याखालच्या सगळ्या ओळी रिकाम्या.

चौकीदार म्हणाला, "अंकल, अगले हफ्ते हॉल टूट रहा है. काहे मेहनत कर रहे हो?"

बाबांनी ऐकलं. तरी मला म्हणाले, "ओळ रिकामी सोडू नकोस. स्पर्धा का नाही, ते लिही."

"काय लिहू, बाबा?"

त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "राहू दे. चल घरी."

युद्ध काही झालं नव्हतं. आम्ही पोरं शिकलो आणि निघून गेलो, एवढंच. हे बाबांसमोर भिंतीवर कसं लिहायचं, सांगा?