तिसरी फळी

रेवसच्या धक्क्यावर कालवं विकायला बसणाऱ्या बायकांत सगुणा सगळ्यांत कमी बोलायची. आगबोट दिसली की बाकीच्या गिऱ्हाइकांना हाका मारून घसा कोरडा करत. ही आपली टोपली पुढ्यात घेऊन, पदर कपाळापर्यंत ओढून बसे. घ्यायचं त्यानं घ्यावं. तिचे हात पाहिले की मात्र पुष्कळ कळायचं. ओहोटीला खडकावर उकिडवं बसून कालवं फोडताना बोटं चिरतात आणि त्या चिरांत खारं पाणी जातं. नऊ वर्षं हे चाललं होतं. त्याआधी ती कोपरखारच्या उघाडीवाल्याची बायको होती, आणि चांगली बोलकी होती.

उघाडी म्हणजे काय हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. खाडीला बांध घालून त्याच्या आत भातशेती केलेली असते. त्या बांधात पाणी सोडायला एक दगडी दार ठेवतात, ती उघाडी. दाराला खाचा आणि खाचांत एकावर एक बसणाऱ्या तीन फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या, म्हणजे शेतातलं जादा पाणी निघून जातं. भरतीच्या आत टाकायच्या, म्हणजे खाडी शेतात शिरत नाही. काम दिसायला एवढंच. पण एक भरती चुकली तर गावाच्या तोंडचा घास गेला, कारण खारं पाणी प्यायलेली जमीन पुढं तीन वर्षं भाताचा दाणा देत नाही.

सगुणाचा नवरा बाबाजी हे काम बापामागं करत होता. माणूस सरळ, जरा विसरभोळा. तिशी उलटल्यावर मिशनच्या मास्तरांनी त्याला अक्षरं शिकवली आणि वर्षभरात दोघं नवराबायको ख्रिस्ती झाली. गावानं नाकं मुरडली, पण उघाडी काढून घेतली नाही. भरती-ओहोटी बाबाजीइतकी कुणाला कळत नव्हती आणि पोटापुढं गाव धर्म फारसा बघत नाही. बाबाजीला मात्र वाचनाचं वेडच लागलं. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. त्या नादात चुलीवरचा भात करपला. एकदा शेळी बांधायची राहिली आणि शेजारणीचा पडवळाचा वेल खाऊन आली. सगुणा चिडवायची, "देवानं तुमाला पुस्तक दिलं आन डोकं काढून घेतलं." तेव्हा ती असं बोलायची.

१९२७ साली कोजागिरीच्या आदल्या दिवशी रविवार होता. थळच्या वाटेवर, तीन कोसांवर एका जुन्या शाळेत रविवारची प्रार्थना व्हायची आणि त्या दिवशी बाबाजी पहिल्यांदाच सगळ्यांपुढं उभा राहून वाचणार होता. अंथरुणातून उठल्यापासून तो ओळी घोकत होता. उजाडता ओहोट होती. दुपारी उधाण येणार म्हणून तो उघाडीवर जाऊन फळ्या टाकून आला, तेव्हाही तोंडानं ओळी चालूच होत्या. मग तिघं निघाली. पाच वर्षांची रतन बापाच्या खांद्यावर. शाळेत बाबाजी दोनदा अडखळला, पण वाचून पुरं केलं. मास्तरांनी पाठ थोपटली. येताना सगळी वाट तो रतनला त्याच ओळी पुन्हा ऐकवत होता.

गावाशी आली तेव्हा शेतात खाडी होती.

बांधाला भलं मोठं भगदाड पडलेलं. दाणा भरत आलेलं भात पाण्याखाली आडवं झालेलं. उघाडीच्या खालच्या दोन फळ्या जागेवर होत्या आणि तिसरी बांधावर कोरडी पडलेली होती.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गावकी बसली. बाळाजी पाटील पुढं. खोत बाजूला घोंगडीवर बसून सुपारी कातरत होता आणि त्याचा गडी दादू त्याच्या मागं उभा होता.

"बाबाजी, तिन्ही फळ्या टाकल्यास?" पाटलानं विचारलं.

"टाकल्या, पाटील."

"मंग ह्यो देवाचा बेल उचल आन सांग. गाव ऐकंल."

गावाच्या बाजूनं बघितलं तर यात काही वावगं नव्हतं. कोपरखारात बेल उचलून कुणी खोटं बोलला नव्हता. बेल उचलला की माणूस सुटला, ही रीतच. पाटलानं त्याला सुटायला दार उघडून दिलं होतं.

बाबाजीनं मान हलवली. "आमच्यात शपथ घ्यायची न्हाय. व्हय ते व्हय आन न्हाय ते न्हाय, येवढंच बोलायचं, असं प्रभूनं सांगितलंय. टाकल्या म्हंजे टाकल्या."

"तुजं पुस्तक आन. त्याच्यावर हात ठेव."

"त्याच पुस्तकात लिवलंय, पाटील."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. ज्यांचं वर्षाचं भात बुडालं होतं ती माणसं, त्यांना असली उत्तरं कशी पचावीत? शपथ घेत नाही तो खोटा, असा निवाडा झाला. उघाडी गेली, त्या कामाबद्दल मिळालेला शेताचा तुकडा गेला आणि वर गावानं वाळीत टाकलं. पाणी नाही, विस्तव नाही, बोलणं नाही.

इथपर्यंत सगुणा त्याच्या बाजूनं गावाशी भांडायला तयार होती. घरी आल्यावर तिनं दार लावलं. रतन भिंतीशी बसून भाकरी खात होती.

"गावाला नका सांगू," सगुणा म्हणाली. "मला सांगा. रतनच्या डोस्क्यावर हात ठेवून सांगा, तिन्ही टाकल्या."

बाबाजी तिच्याकडं बघत राहिला. "तुला पन शपथ लागती व्हय?" एवढंच बोलून तो दार उघडून बाहेर गेला.

झालं ते एवढंच, आणि ते कधी मिटलं नाही. करपलेला भात, सुटलेली शेळी, ओळी घोकत उघाडीकडं गेलेला माणूस, सगळं सगुणाच्या डोळ्यांपुढं होतं. खोटं तो बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. पण दोन फळ्या टाकून तिन्ही टाकल्यासं त्याला वाटलं असेल तर? हात ठेवला असता तर तिची शंका तिथल्या तिथं मेली असती. त्यानं ठेवला नाही.

दोन वर्षांनी रतन तापानं फणफणली. अलिबागच्या दवाखान्यात न्यायला गावात कुणी गाडी जुंपली नाही. बाबाजीनं पोर पाठीला बांधली आणि चालत सुटला, सगुणा मागून. अर्ध्या वाटेत रतनचं डोकं त्याच्या खांद्यावरून एका बाजूला कललं. सगुणानं ते सरळ केलं. ते पुन्हा कललं.

त्यानंतर सगुणा देवाशी भांडली. मोठ्यानं नाही, खडकावर कालवं फोडता फोडता. तू वरून बघत होतास, तीन होत्या का दोन ते तुला ठाऊक आहे, मग एकदा बोल की, असं ती म्हणायची. देव बोलला नाही. नवरा मिठागरावर मजुरीला जायला लागला. संध्याकाळी पायांच्या भेगांना तेल लावताना म्हणायचा, "त्यो बघतोय, सगुणा. आज न्हाय तर उद्या." तिला त्या बोलण्याचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर तिला देवाचा, नवऱ्याचा, भरतीचा, सगळ्याचा शीण आला होता. तरी रविवार उजाडला की ती लुगडं नीट करून नवऱ्यामागून तीन कोस चालत जायची, बाकावर बसायची आणि परत यायची.

१९३७ च्या माघातली गोष्ट. रेवसला आगबोट सुटायला वेळ होता. एक जाडजूड गृहस्थ आपल्या सोबत्याला घेऊन कालवं बघायला सगुणापुढं थांबला.

"जिताडा नाही का कुणाकडं?" त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि सोबत्याला म्हणाला, "जिताडा खावा तो आमच्या सासुरवाडीला, कोपरखारला. अरे, लग्नानंतरची माझी पहिली कोजागिरी. मामंजी खोत ना तिथले. जावयाला जिताडा हवा, म्हणून त्यांनी भर उधाणात दादू गड्याला उघाडीवर पिटाळला. फळी उचलली की भरतीबरोबर मासा आपणहून आत येतो म्हणे. पण त्या उघाडीवाल्यानं फळी अशी ठोकून बसवलेली की हलेना! दादूनं पहार घातली तेव्हा कुठं उचकटली. जिताडा मिळाला, हा एवढा! त्या आनंदात गडी तसाच घरी पळत आला, फळी परत बसवायची राहूनच गेली."

"मग?"

"मग काय, शिरलं थोडं पाणी शेतात. पण जिताडा, वा!"

सगुणाचा हात कालवांत तसाच राहिला. "पहार घातली?" तिनं विचारलं.

तो गृहस्थ दचकला, मग हसला. "हो बाई, पहार. दोन वाटे दे."

तिनं दोन वाटे पानात बांधून दिले. तो माणूस वाईट नव्हता. आपण काय सांगितलं हे त्याला कळलं नव्हतं, आणि आगबोटीत बसून तो मुंबईला निघूनही गेला. रतनचं डोकं, तिचे चिरलेले हात, नऊ वर्षं, हे सगळं त्याच्या लेखी थोडं पाणी होतं. सगुणाला त्याचा संतापही नीट येईना, इतकी ती दमली होती.

घरी न जाता ती थेट बाळाजी पाटलाकडं गेली. पाटील आता थकला होता, ओटीवर उन्हाला बसला होता. वाळीत टाकलेली बाई अंगणात आलेली बघून त्यानं सुनांना आत जायला सांगितलं, पण तिचं सगळं ऐकून घेतलं.

"खोत वारला," तो म्हणाला. "जावई म्हमईला गेला. दादू न्हायच म्हननार." तो उठला, आत देवापुढून बेलाचं पान घेऊन आला आणि ओटीच्या कडेला ठेवलं. "उचल, सगुणा. उचल आन मला जे सांगितलंस ते सांग. आत्ता गाव बोलावतो आन दादूला उभा करतो. उघाडी परत देववतो तुज्या नवऱ्याला."

सगुणाचा हात पुढं गेला. का जाऊ नये? शपथ तर तिनंच मागितली होती एकदा. एवढंसं हिरवं पान, आणि त्याच्या पलीकडं पाणी, विस्तव, शेजारणीची हाक, नवऱ्याचं नाव. पण तिनं पान उचललं असतं तर गावानं तिच्या शपथेवर विश्वास ठेवला असता. बाबाजीचं साधं बोलणं जसं नऊ वर्षांपूर्वी धुळीत पडलं होतं तसंच पडून राहिलं असतं. ते उचलायला तेव्हा कुणी वाकलं नव्हतं. तीही नव्हती वाकली.

तिनं हात मागं घेतला. "म्या ऐकलं, पाटील," ती म्हणाली. "ऐकलं म्हंजे ऐकलं."

पाटलानं तिच्याकडं बघितलं. "म्हंजे तू पन तसलीच," असं म्हणून तो पान घेऊन आत गेला.

बांधावरून घरी जाताना सगुणाला रडू फुटलं. खरं बोलून खोटं ठरणं म्हणजे काय असतं हे तिला आता तिच्या अंगावर कळलं होतं, आणि बाबाजीनं ते नऊ वर्षं एकट्यानं सोसलं होतं. देवानं तरी तिला कुठं शपथेवर काही सांगितलं होतं? मी आहे, मी बघतो, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते नुसतं म्हणणंच.

बाबाजी उन्हं कलल्यावर मिठागरावरून आला. तिनं त्याला पाणी दिलं, तो बसल्यावर सगळं सांगितलं; जिताडा, पहार, पाटलाचं पान. तो ऐकत राहिला. पहारीपाशी त्यानं एकदा डोळे मिटले.

"दादू व्हता व्हय," तो म्हणाला. "बिचारा. हुकमाचा गडी." मग तो हसला, पुष्कळ वर्षांनी. "गावाचं काय घेऊन बसलीस, सगुणा. गावानं न्हाय मानलं तर न्हाय. घरात एक मानूस मानत व्हतं, तेवढ्यावर म्या काढली ही वर्सं. तुला ठाऊकच व्हतं, व्हय ना?"

सगुणाला व्हय म्हणणं किती सोपं होतं. त्या म्हातारपणाकडं झुकलेल्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं असतं आणि कुणालाही काही कळलं नसतं.

"न्हाय," ती म्हणाली.

हसू गेलं. चुलीत लाकूड चटचटलं. बाबाजी आपल्या पायांच्या भेगांकडं बघत बसला, आणि सगुणाला वाटलं, आता हा उठून बाहेर जाणार, त्या दिवशी गेला तसा.

"मंग येवढी वर्सं," तो शेवटी म्हणाला, "दर रईवारी माज्या मागनं तीन कोस चालत आलीस, ती कशी?"

"खरं असंल तर, म्हनून."

"काय खरं?"

"समदं. तुमचं. त्याचं."

बाबाजी उठला. दाराकडं गेला नाही. तिच्याजवळ येऊन त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोलला नाही. हात मिठानं खरखरीत झालेला होता आणि जड होता. सगुणानं तो तसाच राहू दिला.